मिटणारी चाकं आणि उखडलेला पंख

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले: रिमोटच्या विमानाची चाकं हवेत आत घेता येतात का? येतात. मी ते केलं, आणि पहिल्याच लँडिंगला डावा पंख खालून उखडला. आज त्याबद्दल. ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत त्यांच्यासाठी हा मजकूर.

आधी विमान सांगतो. फोमचं, पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १.४ मीटर, पंख खाली, पुढे दोन चाकं आणि शेपटाखाली एक बारकं. बॅटरीसकट १५०० ग्रॅम. मूळची चाकं पोलादी तारेवर कायमची लटकलेली. टेक-ऑफनंतर ती लोंबणारी तंगडी मला बघवत नव्हती, एवढंच खरं कारण. 'हवेचा अडथळा कमी होतो' वगैरे घरी सांगितलं होतं, कारण सोबत किंमतही सांगायची होती.

आत घेता येणाऱ्या चाकांच्या युनिटला रिट्रॅक्ट म्हणतात. आत एक छोटी मोटर असते, ती लांब स्क्रू फिरवते, त्या स्क्रूवर एक ठोकळा सरकतो आणि पाय ९० अंशात वळवतो. ठोकळा टोकाला पोचून अडला की मोटरचा करंट वाढतो, सर्किटला ते कळतं आणि ते मोटर बंद करतं. स्क्रू उलटा फिरत नाही, म्हणून पाय आपोआप लॉक. रिमोटवरचा एक रिकामा स्विच याला दिला की झालं.

मी पंख खालून कोरला, ३ मिमी प्लायवुडची पट्टी इपॉक्सीनं चिकटवली आणि त्यावर युनिट स्क्रूनं बसवलं. टेबलावर विमान उलटं ठेवून स्विच शंभर वेळा खालीवर केला. शंभरही वेळा चाकं बरोबर. आमच्या ऑफिसच्या भाषेत, सगळे टेस्ट पास.

आम्ही उडवतो ते मित्राच्या शेताला लागून असलेलं मुरमाड माळरान आहे. उड्डाण झकास. चाकं आत गेली तेव्हा मी चक्क ओरडलो. उतरताना डावं चाक एका ढेकळाला लागलं आणि कर्र आवाज आला. जवळ जाऊन पाहिलं तर गोंद सुटलेलाच नव्हता. प्लायच्या पट्टीला फोमची जाड साल तशीच चिकटून बाहेर आली होती.

कारण समजायला पहार आठवा. चाक जमिनीला अडतं तेव्हा ते मागे ढकललं जातं. माझा पाय १२ सेंटीमीटर लांब, युनिटच्या पुढच्या आणि मागच्या स्क्रूंमधलं अंतर ४ सेंटीमीटर. म्हणजे चाकावर जेवढा धक्का, त्याच्या तिप्पट ओढ पुढच्या स्क्रूंवर, तीही खाली उपसणारी. फोम दाबाला बरा टिकतो, सोलायला लागलं की संपलं.

वर वजन. जुनी तार आणि चाकं काढून ९० ग्रॅम वाचले, पण दोन युनिट, नवे पाय, प्लाय, गोंद, वायरी मिळून २४० ग्रॅम चढले. निव्वळ १५० ग्रॅम, म्हणजे १० टक्के. विमान तरंगत राहायला लागणारा किमान वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, तो साधारण ५ टक्के वाढला. आता जास्त वजन आणि जास्त वेग एकत्र धरा: उतरताना जिरवायची ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. ही आकडेमोड मी पंख तुटल्यावर केली, आधी नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांत हाच प्रश्न दिसतो. स्पिटफायरचे पाय पंखाच्या बुंध्याजवळ आणि चाकं बाहेरच्या बाजूला मिटायची. जोर मजबूत भागाजवळ जायचा, पण दोन चाकांत अंतर कमी, त्यामुळे जमिनीवर ते डगडगायचं. मस्टँगचे पाय बुंध्यापासून बरेच लांब, चाकं आत मिटायची. जमिनीवर स्थिर, पण तो जोर पंखाच्या सांगाड्याला पेलावा लागायचा. मी मस्टँगसारखं बसवलं होतं, फोमच्या पंखावर!

दुरुस्तीत फोमला फक्त झाकणाचं काम ठेवलं. पंखात आडवी कार्बनची नळी असते, तिला स्पार म्हणतात. फोममध्ये चिरा पाडून दोन उभ्या प्लाय पट्ट्या त्या नळीपर्यंत नेल्या, खाच करून नळीवर बसवल्या आणि युनिट त्या पट्ट्यांना बांधलं. पुढचे दोन बोल्ट मुद्दाम नायलॉनचे, मागचे दोन स्टीलचे. जोरात आपटलं तर नायलॉन तुटेल, पाय मागे लोळेल, पंख वाचेल. घरातल्या फ्यूजसारखं. युनिटखाली लाकडी पाचर घालून पाय थोडा पुढे कलवला, कारण अशा विमानात चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे हवीत. गुरुत्वमध्यापासून चाकाच्या आसापर्यंत रेघ काढली तर ती उभ्या रेषेशी १५ ते २० अंश पुढे झुकलेली असावी. कमी असेल तर विमान नाकावर पालथं पडतं.

आता जे सांगतोय ते नीट वाचा. यावेळी पंखा काढून ठेवला आणि पाय बाहेर येत असताना चाक हातानं धरून अडवलं, सोबत रिमोटच्या सगळ्या काड्या फिरवल्या. रिसीव्हरचा लाइट गेला आणि परत आला. रीस्टार्ट! अडलेल्या मोटरनं इतका करंट ओढला की रिसीव्हरला व्होल्टेज पुरलं नाही. हवेत असतो तर तेवढा वेळ विमान कुणाचंच नसतं. त्या पहिल्या रविवारी बांधावर मित्राची दोन पोरं बसून टाळ्या वाजवत होती. मला त्या रात्री झोप लागली नाही. शंभर टेस्टमध्ये मी एकदाही चाक अडवून पाहिलं नव्हतं.

उपाय सोपा आहे. रिट्रॅक्टला ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा द्या, रिसीव्हरमधून फक्त सिग्नल आणि ग्राउंडची वायर घ्या, लाल वायर जोडू नका. माझा २० ग्रॅमचा आहे.

चाकांना झाकणं मी लावली नाहीत. डीसी-३ या जुन्या प्रवासी विमानाची चाकं आत घेतल्यावरही थोडी बाहेर दिसायची, त्यामुळे पोटावर उतरायची वेळ आली तरी ती टेकायची. माझीही थोडी बाहेर राहतात.

बॅटरी जास्त वेळ पुरते का? मला तरी घड्याळात फरक दिसला नाही. परवा रविवारी उजवीकडचा एक नायलॉन बोल्ट तुटला. पंखाला ओरखडाही नाही. खिशात सुटे बोल्ट होते, पाच मिनिटांत बदलला. पोरांना मात्र आता बांधावरून उठवून गाडीच्या मागे बसवतो, त्यावर ती रुसलीत.