मामी, बसतेस ना मागे?

सांगायला लाज वाटते, पण मामीचं मनगट मोडलं तेव्हा माझ्या बाइकचा स्पीड होता जेमतेम वीस! ना एक्स्प्रेस-वे, ना घाटातलं वळण, ना कसला स्टंट. सुप्याच्या स्टँडवरून मामीला मागे बसवलं, बाजाराची पिशवी मध्ये ठेवली आणि डांबरी सोडून वस्तीच्या रस्त्याला लागले. वळणावर नवी खडी टाकलेली. समोर शेळी आली, मी पुढचा ब्रेक दाबला आणि पुढचं चाक असं निसटलं, जणू खाली रस्ता नव्हताच, नुसत्या गोट्या पसरलेल्या होत्या. गाडी आडवी, आम्ही आडव्या, कोथिंबीर रस्ताभर. माझं खरचटण्यावर भागलं. मामीने मात्र पडताना हात टेकला होता.

प्लास्टर सहा आठवडे. पण त्याहून जास्त लागलं ते तिचं पुढचं वाक्य. ‘तुझी गाडी नको गं बाई. मी आपली दूधवाल्याच्या मागे बसून जाईन.’ मी? पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज चाळीस किलोमीटर बाइक मारणारी मी? आणि दूधवाला?

सुपा माहीत असेलच तुम्हाला. पुणे-नगर हायवेवर शिरूर मागे टाकलं की येतं ते, पारनेर तालुक्यातलं. (शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपे ते वेगळं, बारामती तालुक्यातलं. ऑफिसमधल्या निम्म्या लोकांचा इथेच घोळ होतो.) जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी स्टँडवर आरोळी ‘नगर, नगर’ अशीच ऐकू येते. इथल्या एमआयडीसीमुळे तुमच्यापैकी कितीतरी जण दर आठवड्याला इथून ये-जा करत असतील. पठारावरच्या पवनचक्क्यांचे फोटो काढायला, निघोजचे रांजणखळगे बघायला वीकेंडचे ग्रुपही येतात. पण हायवे सोडला की खरा पारनेर तालुका सुरू होतो. पाऊस कमी, जमीन कडक, आणि त्या कडक मुरुमावर सुटी खडी. चिखलापेक्षाही हे कॉम्बिनेशन बेकार. खाली टणक, वर सुटं. चाक आणि रस्ता यांच्यात खडे बॉल-बेअरिंगसारखे फिरतात.

तर, टायर बदलायचं ठरलं. बाइक दादाची जुनी पल्सर, एबीएस वगैरे काही नाही. पुण्यातल्या एका दुकानात गेले, तर मालकांनी मला हिमालयनवाल्यांसारखं दणदणीत गुटक्यांचं टायर दाखवलं. दिसायला एकदम कडक! मोह झालाच. मग घरी येऊन साधा हिशोब केला. माझ्या घरापासून सुपा साधारण नव्वद किलोमीटर, पुढे वस्ती सहा. म्हणजे शहाण्णवातले नव्वद डांबरी. मोठ्या गुटक्यांचं टायर डांबरावर कमी रबर टेकवतं. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की गाडी उशिरा थांबते, हायवेवर घूंऽऽ आवाज येतो आणि मधले गुटके भराभर झिजतात. शिक्रापूरजवळ ट्रकच्या मागे कचकन थांबायची वेळ आली, तर मला रबर हवं, लूक नको.

यावर मधला मार्ग म्हणजे ड्युअल-स्पोर्ट टायर. मधोमध गुटके जवळजवळ, कडेला थोडे सुटे, आणि मधल्या खाचा रुंद. गुटक्याची कड खडीत रुतते आणि खाचेत अडकलेले खडे चाक फिरताना बाहेर फेकले जातात. कंपन्या याचं गुणोत्तर सांगतात. 80-20 म्हणजे ऐंशी टक्के डांबरी, वीस टक्के कच्चा. 50-50 म्हणजे निम्मं-निम्मं. हे आकडे काही सरकारी मोजमाप नव्हेत, ज्याची त्याची जाहिरात. तरी अंदाज येतो. माझ्यासारखीला 80-20 पुरे.

अडचण मापाची. 2016 मध्ये हिमालयन आली, 2019 मध्ये एक्सपल्स, आणि अशा टायरांचं मार्केट आपल्याकडे फुललं. पण त्या गाड्यांचं पुढचं चाक 21 इंची. बुलेट-क्लासिकवाल्यांचं 19, त्यांनाही बरे पर्याय मिळतात. आपल्या साध्या स्ट्रीट बाइकचं पुढचं चाक 17 इंची, तिथे निवड आटते. मग दुकानदार म्हणणार, ‘मॅडम, एक साइज मोठा टाकू, बसतंय आरामात.’

थांबा! माझ्या मागच्या टायरवर लिहिलंय 100/90-17. म्हणजे रुंदी 100 मिलिमीटर, उंची त्याच्या 90 टक्के, रिम 17 इंच. पूर्ण व्यास साधारण 612 मिलिमीटर. त्याजागी 110/90-17 टाकलं तर 630. अठरा मिलिमीटरने काय होतंय? चेन आणि स्विंगआर्मजवळची जागा कमी होते, गिअरिंग तीन टक्क्यांनी बदलतं आणि अरुंद रिमवर रुंद टायर चिमटल्यासारखं गोल होतं. पुढे तर नकोच. स्ट्रीट बाइकचं मडगार्ड टायरला चिकटून असतं. माझं तर बोट जेमतेम जातं मधून. तिथे एक खडा अडकला की संपलं. त्यामुळे माप तेच. मापाच्या शेजारचा आकडाही वाचा. 55 म्हणजे ते टायर 218 किलो भार पेलतं, आणि पी म्हणजे ताशी 150 पर्यंत चालतं. मामी मागे बसणार असेल (बसली तर!) तर हा आकडा कमी करून चालत नाही.

आता दूधवाले काका. पुढच्या खेपेला मी मुद्दाम त्यांना गाठलं. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली त्यांची बाइक, मागे बटणाचं टायर. हो, आपण ज्याला स्टायलित ‘ब्लॉक पॅटर्न’ म्हणतो, त्याला इथे कधीपासून बटण म्हणतात. पुढे मात्र साधं उभ्या रेघांचं रिब. म्हटलं, पुढे का नाही बटण? म्हणाले, ‘ताई, मुरुमावर पुढचा ब्रेक धरायचाच नाही, मग कशाला पाहिजे?’

पटलं, पण अर्धंच. मागचं चाक घसरलं तर गाडी शेपटी हलवते, सावरता येते. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. माझं पुढचंच गेलं होतं ना! शिवाय हायवेवरची सवय बोटांत भिनलेली असते, शेळी आली की हात पुढच्या ब्रेकवर जातोच. म्हणून फक्त मागे गुटके लावून मिरवणाऱ्यांशी माझं जमत नाही. पैसे एकाच टायरचे असतील तर मी पुढचं घेईन.

काकांनी मग माझं टायर अंगठ्याने दाबलं आणि विचारलं, ‘हवा किती भरलीय?’ स्टँडजवळच्या पंक्चरवाल्याकडे गेज लावलं. पुढे 38, मागे 40! मॅन्युअल म्हणतं पुढे 25, मागे एकट्याला 28 आणि डबलसीट 32. ‘टाइट ठेवली की अॅव्हरेज मिळतं’ असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि मी कधी तपासलंच नव्हतं. टणक टायर खडीवर पसरत नाही, टप्पे खात उडतं. पंक्चरवाल्याने टायरच्या बाजूचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. माझं टायर सात वर्षांचं निघालं. खाचा शाबूत होत्या, पण रबर नखाने दाबलं तर दबत नव्हतं. म्हणजे मामी पडली ती नक्षीमुळे कमी आणि माझ्या आळसामुळे जास्त. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

टायर घेतले, दोन्ही, 80-20, कंपनीच्याच मापाचे. दोन लेखांचं मानधन गेलं. घेताना ते चार आकडे आधी बघितले आणि टायरवरचा बाण चाकाच्या दिशेने आहे ना, हेही. नव्या टायरवर गुळगुळीत थर असतो, म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवली. खडीवर आता फरक कळतो. हँडल हातात वळवळतं, पण पळून जात नाही. हवा मॅन्युअलइतकी. त्याहून खाली फार नाही उतरवत, दगडावर आपटून रिम वाकायची भीती. पाऊस पडून मुरुमाचा चिखल झाला की मात्र हे टायरही भरून जातं आणि मी गाडी हायवेवरच्या हॉटेलात लावून चालत जाते. ब्रेक? मागचा आधी, पुढचा दोन बोटांनी, आणि वळणाच्या अलीकडेच.

गेल्या शनिवारी मामीने अंगणात गाडीभोवती एक फेरी मारली. चप्पलने टायरला टोचून बघितलं. ‘हे दूधवाल्याच्या पुढच्यापेक्षा बरं दिसतंय,’ म्हणाली. मग पदर खोचला, पिशवी घेतली.

‘स्टँडपर्यंत नाही हं. त्या वळणापर्यंत चल आधी. तिथं मी उतरणार, तू एकटी वळण काढायचं, मग पुढं बसते.’