काळ्या कोंबडीचे रंगद्रव्य

कडकनाथ कोंबडीचे मांस काळे असते, ते लोहामुळे, असे विक्रेते गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगतात. हे विधान निराधार आहे. तो काळा रंग मेलॅनिनचा. टायरोसिन या अमिनो आम्लापासून शरीरातच तयार होणारे हे द्रव्य आपल्या केसांत आणि कातडीतही असते. मेलॅनिन धातूंचे कण धरून ठेवते हे खरे. परंतु खाणाऱ्याच्या रक्तात त्यातले किती उतरते, हा प्रश्न सर्वस्वी निराळा.

कडकनाथचे माहेर झाबुआ. भिल्ल तिला ‘कालीमासी’ म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या या मांसाला भौगोलिक मानांकन लाभले. कातडी, हाडे, आतडी सारे काळे. अंडे मात्र फिकट बदामी! या कोड्याचा अभ्यास भोपाळातच चालला आहे. शहराच्या पूर्वेस, भेलच्या कारखान्यालगत, इंद्रपुरी ही वस्ती आहे. तिच्या विरुद्ध टोकाला, भौरी येथे, भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहे. तेथील संशोधकांनी २०२३ साली कडकनाथच्या जनुकांची मांडणी तपासली. ईडीएन-३ या जनुकाचा भाग गुणसूत्रावर दुबार आल्याने रंगपेशी भ्रूणावस्थेतच वाजवीहून अधिक पसरतात. चीनची सिल्की आणि इंडोनेशियाची आयाम सेमानी यांच्या काळेपणाचे मूळही याच फेरफारात आहे.

ऊतींतून हे द्रव्य वेगळे काढणे किचकट असते. मांस बारीक करून चरबी काढावयाची, प्रथिने विकरांनी वा आम्लाने विरघळवावयाची, रंगद्रव्य अल्कलीत उतरवून पुन्हा आम्ल घालून तळाशी बसवावयाचे. आम्ल जहाल झाले की रंगद्रव्याची मूळ घडणच बिघडते, आणि अभ्यासक भलत्याच पदार्थाचे गुण मोजीत बसतो. हाती आलेली पूड अतिनील किरण शोषते, म्हणून तिच्याविषयी कुतूहल आहे. तथापि प्रयोगशाळेतील गुण म्हणजे ताटातले औषध नव्हे.

हा भेद न कळल्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २०१९ साली सांगली जिल्ह्यातून उघडकीस आलेल्या कडकनाथ घोटाळ्यात पिले विकत देऊन अंडी व पक्षी चढ्या दराने परत घेण्याचे वचन देण्यात आले होते. खरेदी थांबली, आणि शेतकऱ्यांच्या अंगणात खाद्यावाचून तळमळणारे पक्षी तेवढे उरले. कर्ज काढून पिंजरे बांधणाऱ्याला मेलॅनिन म्हणजे काय हे कोणी सांगितले होते? त्याला ऐकवली गेली ती औषधी गुणांची पोथी.

आमच्या किनाऱ्याला काळे द्रव्य परके नाही. माकूल साफ करताना आपण जी शाईची पिशवी फेकून देतो, तीत मेलॅनिनच असते आणि तेही कोंबडीच्या मांसापेक्षा कितीतरी सहज हाती येणारे. प्रयोगशाळांत नमुन्यादाखल वापरतात ते बहुधा अशाच शाईतले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने व रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाने दोन्ही द्रव्ये शेजारी ठेवून तपासावीत, आणि तोपर्यंत कडकनाथच्या पिशवीवर रोगनिवारणाचा एकही शब्द छापू देऊ नये, अशी आमची सरकारकडे मागणी आहे.