दहाचे दोन गठ्ठे, सुट्या सात

‘सत्तावीस लिहा’ असं म्हटलं, की पहिली-दुसरीच्या वर्गात एखाद्या तरी पाटीवर ७२ उमटतो. पोरानं डोकं चालवलेलं असतं, म्हणूनच ते चुकतं. कानावर आधी सात पडले, मग वीस. त्यानं ऐकल्या क्रमानं लिहून टाकलं. एकोणतीस तर त्याहून अवघड. ऐकू येतात तीस आणि लिहायचा दोनवर नऊ! परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत गेलात, मग ती जिंतूरच्या तांड्यावरची असो की मानवतच्या काळ्या रानातली, लहान वर्गांतल्या गणिताचा बराचसा वेळ या अंकांना आपापल्या जागी बसवण्यात जातो.

पूर्वी हे काम घोकंपट्टीवर सोडलेलं होतं. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अंक गिरवायचे आणि पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीही म्हणायची. त्या पिढीचा तोंडी हिशेब पक्का होता, हे खरंच आहे. पण २७ मधला २ म्हणजे वीस, हे त्यातल्या किती जणांना शाळेत कुणी दाखवलं असेल?

आता ते हातानं दाखवलं जातं. मुलांपुढे काड्यांचा ढीग असतो. दहा काड्या मोजायच्या, रबर लावायचं, गठ्ठा तयार. दोन गठ्ठे डावीकडे, सात सुट्या उजवीकडे. ‘दशक’ आणि ‘एकक’ हे शब्द त्यानंतर येतात. काड्या नसतील तर चिंचोके चालतात, खडेही चालतात. मात्र त्यांचा गठ्ठा बांधता येत नाही, म्हणून काड्याच बऱ्या. ‘परभणी मोती’ हे रब्बी ज्वारीचं वाण ज्या कृषी विद्यापीठानं दिलं, त्याच्याच या जिल्ह्यात ही युक्ती पोरांना परकी वाटण्याचं कारण नाही. कडब्याच्या पेंढ्या बांधताना आणि त्यांचा भाव शेकड्यानं ठरताना त्यांनी घरी पाहिलेलं असतं.

अनेक शाळांत गणित पेटीही असते. तिच्यातली लक्षवेधी वस्तू म्हणजे शंभर मण्यांची माळ. दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे, असं शंभरपर्यंत. सत्तावीस शोधायला मूल एकेक मणी मोजत बसत नाही. दोन पट्टे ओलांडतं आणि सात मणी पुढे जातं. तिशीच्या अलीकडे तीन मणी, हेही मग त्याला दिसतं. अशा माळेचा वापर नेदरलँड्समधल्या फ्रॉयडेंथाल संस्थेच्या गणितशिक्षणातही होतो.

साधनं आली तरी संख्येच्या नावाची अडचण उरतेच. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकानं २०१९ मध्ये ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ हे रूप दिलं आणि राज्यभर गहजब झाला. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावावरही कोटी झाली. गणित समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ मंगला नारळीकर यांचं म्हणणं सरळ होतं: मराठी संख्यानावांत जोडाक्षरं फार, बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा, म्हणून मुलांना गणिताची भीती बसते. जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हती. तरीही मराठी बुडाल्याची ओरड झाली. ती अनाठायी होती. जर्मन भाषेतही ‘सात आणि वीस’ असाच क्रम आहे आणि तिथे ‘वीस-एक’ अशा अर्थाचंच नाव घेतलेली एक संस्था २००४ पासून हा क्रम बदलण्यासाठी झटते आहे. दोन गठ्ठे आणि सात काड्या समोर ठेवलेलं मूल ‘वीस सात’ आपसूकच म्हणतं. तिथून ‘सत्तावीस’पर्यंत त्याला आणायला शिक्षक आहेतच.

शिक्षकांपुढचं खरं संकट वेगळं आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक वर्गांत साठपर्यंत मुलं असली तर दोन शिक्षक. म्हणजे चार इयत्तांच्या लहान शाळेत पहिली आणि दुसरी बहुधा एकाच खोलीत, एकाच गुरुजींकडे किंवा मॅडमकडे. तांड्यावरच्या मुलांची घरची बोली गोरमाटी, त्यामुळे मराठी अंकांची नावं त्यांना नव्यानंच कानावर पडतात. त्यातच दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबापांबरोबर मूल फडावर गेलं, की गठ्ठे अर्धेच राहतात. ते परततं तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. मराठवाड्यात अशा मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहं चालवली जातात. चार काड्यांवर जमणारं गणित हजेरीवाचून जमत नाही.

केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानानं ५ जुलै २०२१ पासून लक्ष्य आखून दिलंय: पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, दुसरीअखेर ९९९, तिसरीअखेर ९९९९. कागदावर हे सोपं दिसतं. परीक्षा मात्र ‘आनंदनगरी’त होते. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात पोरं दुकानं मांडतात; भेळ, पेरू, बोरं, भजी विकतात. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या काकूंनी पन्नासची नोट दिली आणि भेळ-भज्यांचे सत्तावीस झाले, तर परत किती? तेवीस. इथे ७२ आणि २७ ची अदलाबदल झाली तर गिऱ्हाईकच हुज्जत घालतं.

तेव्हा पाटीवर ७२ दिसला, तर आईबापांनी पोराच्या पाठीत धपाटा घालू नये. खराट्याच्या काड्या काढाव्यात, दहा-दहाचे गठ्ठे बांधायला त्यालाच सांगावं आणि तो ‘वीस सात’ म्हणाला तर म्हणू द्यावं.