लिस्टवाल्यांची बाजू

संपादकांना ऑटोलिस्पमधल्या सगळ्या डेटाटाइपांचा आढावा हवा आहे. देतो, पण सगळ्यांना सारखी जागा मिळणार नाही. या भाषेत लिस्ट तेवढी घरची, बाकीची सगळी पाहुणेमंडळी, हे माझं जुनं मत आहे आणि ते सोडावं असं अजून तरी काही घडलेलं नाही.

पाहुण्यांना चहापाणी करून वाटेला लावू. पूर्णांक आत ३२ बिटांचा; पण ऑटोकॅडशी देवाणघेवाण १६ बिटांत, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच, असं जुन्या मॅन्युअलांत बजावलेलं असे. तीनला दोनने भागलं की उत्तर एक. दीड हवा असेल तर दोघांपैकी एकाला तरी दशांशचिन्ह लावा. कोन रेडियनमध्ये. स्ट्रिंगमध्ये फाइलचा पत्ता लिहिताना उलटी तिरकी रेघ दोनदा. एनेम, म्हणजे आकृतीचं अंतर्गत नाव, ड्रॉइंग बंद करून पुन्हा उघडलं की बदलतं. कायमची ओळख हवी तर हँडल घ्या. पिकसेट आणि फाइल यांच्याबद्दल, काम झालं की सोडून द्या, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

आता गंमत पाहा. अर्धा लिहायचा तर ०.५ असाच लिहावा लागतो. पुढचं शून्य गाळलं की टिंब चुकीच्या जागी आहे म्हणून भाषा तक्रार करते. कारण सुटं टिंब या घरात दशांशाचं नव्हे, डॉटेड पेअरचं, म्हणजे मध्ये टिंब देऊन बांधलेल्या जोडीचं. इथून आपण माजघरात आलो.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्प घडवायला घेतली, तेव्हा इमारतींचे नकाशे त्यांच्या डोक्यात नव्हते. ऑटोकॅड आलं डिसेंबर १९८२ मध्ये. डेव्हिड बेट्झ यांच्या एक्सलिस्पवरून बेतलेली ऑटोलिस्प जानेवारी १९८६ मध्ये २.१८ आवृत्तीबरोबर आली. पण पाहुणी कशी फिट्ट बसली! बिंदू म्हणजे तीन आकड्यांची लिस्ट. कार म्हटलं की एक्स, कॅडर म्हटलं की वाय. प्रोग्राममधली प्रत्येक आज्ञा लिस्ट, आधी फंक्शन आणि मागून त्याचा माल. आणि ड्रॉइंगमधलं वर्तुळसुद्धा लिस्टच. त्याला एंटगेट लावा: ० पाशी प्रकार, ८ पाशी लेयर, १० पाशी केंद्र, ४० पाशी त्रिज्या. त्रिज्या बदलायची तर असॉकने ४० ची जोडी शोधा, सब्स्टने नवी घाला, एंटमॉडने परत करा. डीएक्सएफ फाइल नोटपॅडात उघडली तर हेच ०, ८, १०, ४० एकाखाली एक उभे दिसतात.

केंद्राची नोंद (१० ५.० ७.० ०.०) अशी दिसते, मध्ये टिंब नाही. नवखे इथे गोंधळतात. १० च्या मागे जोडलेली गोष्ट स्वतःच लिस्ट असल्यामुळे टिंब दिसत नाही. सीडीआर घेतला की अख्खा बिंदू हातात. लेयरचाच रंग घेतलेल्या रेघेत ६२ चा कोड शोधलात तर निल मिळेल, कारण तो तिथे नसतोच. तिथे सब्स्ट काही करत नाही, नवी जोडी जोडावी लागते. आर १४ पासूनच्या हलक्या पॉलिलाइनमध्ये १० अनेकदा येतो आणि असॉक फक्त पहिला देतो. हे ज्याला कळलं, त्याला ड्रॉइंग आतून दिसू लागलं.

कालव्यांच्या कामात आमच्या ऑफिसात याचा खरा उपयोग झाला. सर्व्हेवाला चेनेज आणि आरएलची साधी टेक्स्ट फाइल देई. ती ओळीओळीने वाचून बिंदूंची लिस्ट करायची, उभं प्रमाण मॅपकारने एका दमात लावायचं आणि एल-सेक्शन काढायचा. लेव्हल दुरुस्त होऊन आली तरी ट्रेसिंग खरवडायला नको. ब्लेडने ट्रेसिंग खरवडलेल्यांना त्याचं मोल विचारा.

१९९७ च्या सुमारास व्हीबीए आलं तेव्हा काही विद्वानांनी लिस्पचं तेरावं उरकूनही टाकलं होतं. कंसांच्या जंगलात कोण शिरणार, म्हणे. २०१० च्या आवृत्तीपासून तेच व्हीबीए मुख्य इन्स्टॉलेशनमधून बाहेर गेलं आणि वेगळं उतरवून घ्यावं लागू लागलं. त्या विद्वानांनी पुढे यावर काही लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. दुसरा पंथ व्हीएलए वाल्यांचा: असॉक-सब्स्ट कशाला, ऑब्जेक्टची प्रॉपर्टी थेट बदला. सोपं आहे, कबूल. पण ती सोय विंडोजच्या अ‍ॅक्टिव्हएक्सवर उभी आहे, मॅकवर ती पायवाट बंद. एंटगेट दोन्हीकडे चालतो. २००० च्या आवृत्तीत अंगभूत झालेल्या व्हिज्युअल लिस्पचे उपकार मात्र मानतो. कंसाचा जोडीदार दाखवणारा एडिटर मिळाला. २०२४ च्या आवृत्तीत तर एलटीलाही ऑटोलिस्प मिळाली. एलटीवाल्यांनी किती वर्षं वाट पाहिली!

आणि नेमकी आता ती वाचणारी माणसं कमी झाली. कुठून तरी एलएसपी फाइल उतरवायची, अ‍ॅपलोडने चढवायची. डीफनच्या कंसात तिरक्या रेघेमागे लोकल व्हेरिएबलं लिहिली आहेत का, हे बघायचं नाही. मग एका फाइलचा आकडा दुसरीत शिरतो आणि जिना भलत्याच लेयरवर उगवतो. ‘नंबरपी निल’ची चूक आली की फाइल बदलायची. माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला मी एक रेघ काढायला लावतो, एंटलास्टवर एंटगेट चालवायला सांगतो आणि एफ२ दाबून आलेलं उत्तर वाचून घेतो. बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘‘सर, याची तयार फाइल नाही का?’’