मोटारीचा तळ, डांबर आणि कोरडा बर्फ



गेल्या मे महिन्याच्या सुट्टींत आपल्याच शाळेंतील एका विद्यार्थ्याच्या घरीं मी गेलों होतों. अंगणांत त्याच्या वडिलांची जुनी मोटार उभी होती. दर पावसाळ्यांत तिच्या तळाशीं ओल येई व कुबट वास सुटे. म्हणून जुना गालिचा काढून नवा घालावा, असा त्यांचा बेत होता. गालिचा उचलतांच खालीं काळा, जाड, भेगा पडलेला डांबराचा थर दिसला. मुलगा म्हणाला, "बाबा, हा थर येथें फुगला आहे; खालीं काय आहे तें आधीं पाहूं या ना?" वडील म्हणाले, "कारखान्यानें घातलेला थर तो. त्याला कशाला हात लावायचा?" शेवटीं दोघांनींही माझ्याकडे पाहिलें. त्या दिवशीं जो खुलासा मी केला, तोच येथें थोड्या विस्तारानें देत आहें.

प्रथम, हा थर तेथें असतो कां? मोटारीचा तळ पोलादाच्या पातळ पत्र्याचा असतो. इंजिनाचे धक्के व चाकांचा खडखडाट यांमुळें तो कंप पावतो आणि ढोलाच्या कातड्याप्रमाणें आवाज करूं लागतो. घरीं एक सोपा प्रयोग करा. पितळी ताट कडेला धरून लोंबतें ठेवा व चमच्यानें वाजवा. नाद बराच वेळ घुमत राहील. आतां त्याच्या पाठीवर मळलेल्या कणकेचा चपटा गोळा घट्ट दाबून बसवा व पुन्हां वाजवा. या वेळीं केवळ एक बद्द आवाज येऊन थांबेल. कणीक कंपाबरोबर ताणली व दाबली जाते. तिच्या अंतर्गत घर्षणानें कंपाची शक्ति किंचित् उष्णतेच्या रूपानें खर्ची पडते. डांबराचा थर हेंच काम करतो. कारखान्यांत डांबराचे तक्ते तळावर पसरतात व रंग भाजण्याच्या भट्टींतील उष्णतेनें ते मऊ होऊन पत्र्यास चिकटतात. हल्लीं ब्यूटिल रबराच्या, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा लावलेल्या पट्ट्याही वापरतात.

मग असा उपयोगी थर काढावा तरी कशाला? शर्यतीच्या गाड्यांत वजन कमी करण्यासाठीं तो काढतात. जर्मनींतील पोर्शे कारखान्याच्या १९७३ सालच्या ९११ कॅरेरा आर. एस. या गाडीच्या हलक्या प्रकारांत असे थर व इतर सुखसोयी वगळल्या होत्या. त्यामुळें ती नेहमींच्या प्रकाराहून सुमारें १०० किलोनें हलकी भरे. परंतु आपणांस विचार करावयाचा तो दुसऱ्या कारणाचा, म्हणजे गंजाचा. कांचेच्या अथवा दाराच्या रबरांतून पाणी झिरपतें, गालिचा तें धरून ठेवतो, आणि थराच्या भेगांतून तें पत्र्यापर्यंत पोहोंचतें. तेथें ऊन नाहीं, वारा नाहीं. तें वाळणार कसें? पाणी व प्राणवायु यांच्या योगानें लोखंड गंजतें. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत ही क्रिया अधिक वेगानें चालते. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, म्हणून थर फुगून वर उचलला जातो. असा फुगवटा ही धोक्याची सूचना होय. शिवाय पत्र्यास वेल्डिंग करावयाचें असल्यास डांबर पेट घेतें, यास्तव तें आधीं काढणेंच भाग पडतें.

काढण्याच्या रीति दोन. पहिली उष्णतेची: गरम हवेच्या यंत्रानें डांबर मऊ करून खरवडावयाचें. ही उभ्या व तिरप्या भागांस ठीक. पण डांबर चिकट होऊन हातांस व हत्यारांस माखतें. दुसरी थंडीची. कार्बन डायऑक्साइड वायूचें घनरूप म्हणजे कोरडा बर्फ. १८३५ सालीं थिलोरिए या फ्रेंच संशोधकानें याचें वर्णन प्रसिद्ध केलें. याचें उष्णतामान उणें ७८.५ अंश सेंटिग्रेड असतें, आणि हा वितळून पाणी न होतां सरळ वायुरूप होतो. याचे तुकडे थरावर पसरून कांहीं मिनिटें ठेवले कीं डांबर कांचेसारखें ठिसूळ होतें. तशांत डांबर पोलादापेक्षां पुष्कळच अधिक आकुंचन पावतें. त्यामुळें दोहोंचा सांधा ताणला जाऊन तडतड असा आवाज येतो. मग बर्फ पुढें सारून हलक्या हातोडीनें ठोकलें असतां थराच्या खपल्या सुटून निघतात. उरलेले डाग टर्पेंटाइनच्या फडक्यानें, उघड्या हवेंत व विस्तवापासून दूर, पुसावेत.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं लेखणी हातीं घेतली, ती सांगतों. हिशेब करून पाहा. एक किलो कोरड्या बर्फापासून साधारण ५५० लिटर वायु होतो. म्हणजे पांच किलोंपासून सुमारें २,७५० लिटर. लहान मोटारीची आंतील पोकळी जवळजवळ एवढीच असते! हा वायु हवेच्या दीडपट जड असल्यामुळें तळाशीं सांचतो, आणि काम करणाराचें तोंडही तळाकडेच वांकलेलें असतें. हवेंत याचें प्रमाण शेंकडा १० च्या आसपास गेलें तर माणूस थोड्याच वेळांत बेशुद्ध होतो, प्राणही जातो. यास्तव सर्व दारें सताड उघडीं हवींत, गाडी मोकळ्या जागीं हवी, आणि जवळ दुसरें माणूस हवें. हा बर्फ बंद मोटारींतून आणूं नये. घट्ट झांकणाच्या बाटलींत भरूं नये, ती फुटते. उघड्या हातानें स्पर्श केल्यास कातडी भाजल्यासारखी होते. जाड हातमोजे व चष्मा अवश्य वापरावे. जुन्या गाड्यांच्या कांहीं थरांत अ‍ॅस्बेस्टॉसही असे; त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. शंका असल्यास तुकड्याची तपासणी करून घेतल्यावांचून थरास हात लावूं नये. नव्या गाडींत आसनाखालून हवेच्या पिशव्यांच्या तारा जातात, त्यांस जाणत्या कारागिरानेंच हात घालावा. पालकांस माझी नम्र विनंति कीं, हें काम मुलांवर एकट्यांवर कधींही सोपवूं नये.

त्या दिवशीं आम्हीं जाणत्या कारागिरास बोलाविलें. त्यानें खात्री करून घेऊन थर काढला. चालकाचा पाय जेथें टेकतो तेथें त्यानें स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक टेकलें, तों तें आरपार गेलें. खालीं अंगणांतली माती दिसली. वडील कांहीं वेळ बोलले नाहींत, मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरें झालें, विचारलेंस." पुढें गळती प्रथम बंद केली, कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, उरलेला गंज तारेच्या ब्रशानें घासून त्यावर अस्तराचा व मग वरचा रंग दिला, सांधे बुजविले, आणि सर्व पूर्ण वाळल्यावर नवा थर व गालिचा घातला. हा क्रम उलटा केला असता, तर नव्या गालिचाखालीं जुनाच गंज वाढला असता.

आपल्या प्रभूनें चुना लावलेल्या कबरींची उपमा कोणास दिली, हें तुम्हांस ठाऊक आहेच. झांकण घालणें सोपें, उघडून पाहणें कठीण. पण दुरुस्तीची सुरुवात उघडून पाहण्यांतच आहे. गणितांतील कच्चा धडा असो वा मनांतील एखादी खोड असो, फुगवटा दिसूं लागला कीं वर नवा गालिचा घालूं नका.