हजेरीतले तास

पहाटे ४.३०
जुलै २०२३. बांगलादेशच्या कॉक्स बाजार जिल्ह्यातली कुतुपालोंगची छावणी. रात्रभर पाऊस होता. ताडपत्रीच्या छतावर पाणी साचून पोट आलंय. ती काठीने ते खालून वर ढकलते. पाणी धबकन बाहेर पडतं. मग नमाज, मग शेगडी. गॅसचा सिलिंडर थोडा उचलून बघते. तीन-चार दिवस निघतील. पुढचा मिळायला आठवडा आहे. म्हणून सकाळी एकदाच पेटवायचं. चहा होतो, आणि त्याच आचेवर दुपारचाही भात.

तिचं नाव मी लिहीत नाही. ती रोहिंग्या आहे, इथलीच रहिवासी, आणि मनाच्या आजारांसाठी घरोघर फिरणारी स्वयंसेविका.

८.००
बुरखा, छत्री, गळ्यात ओळखपत्र. पिशवीत वही, चित्रांचे तक्ते, पाण्याची बाटली. उतारावर ती चपला हातात घेते. वाळूच्या पोत्यांच्या पायऱ्या आहेत, पण चिखलाने बुजल्यात. या टेकडीवर २०१७ पर्यंत जंगल होतं, हत्तींची ये-जा होती. त्या वर्षी २५ ऑगस्टनंतर काही महिन्यांत सात लाखांवर माणसं म्यानमारमधून पळून आली. झाडं गेली, टेकड्या कापून झोपड्या उभ्या राहिल्या. आता पाऊस लागला की माती सुटते. कोणाची झोपडी कडेला आहे, हे तिला पाठ आहे.

८.४५
केंद्र बांबूचं. समुपदेशक आपा बांगलादेशी आहे, चटगावकडची. तिची बोली रोहिंग्यांच्या बोलीला जवळची, तरी बरंच काही निसटतं. ते निसटलेलं हिने उचलायचं. आज चार घरं. हजेरीत सही आणि वेळ. वेळ महत्त्वाची, कारण पैसे तासावर. निर्वासितांना नोकरी करायची परवानगी नाही. म्हणून याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. गटार खणणाऱ्याला, बांबू वाहणाऱ्याला तासाला ५० टका. हिला थोडे जास्त. बाजारात एक अंडं १२ टक्यांना.

९.३०
पहिलं घर. नऊ वर्षांचा मुलगा, त्याला फेफरं येतं. इथे फेफऱ्याचे रुग्णही याच कामात येतात. ती आधी गोळ्यांचं पाकीट मागते. गोळ्या मोजते. चार जास्त आहेत, म्हणजे चार वेळा चुकल्या. आजी सांगते, जिन लागलाय, मौलवींनी पाणी फुंकून दिलंय.

“पाणी द्या, खाला. गोळीपण द्या. संध्याकाळची अजान झाली की लगेच.”

ती वाद घालत नाही. वाद घातला तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही. आईला विचारते, झटका आला तेव्हा काय केलंत? तोंडात चमचा घातला होता. ती स्वतः चटईवर आडवी होते आणि कुशीवर कसं वळवायचं ते दाखवते. आईकडून तीनदा करून घेते. वहीत लिहिते: दवाखाना, सोमवार.

१०.४५
इथे चौथी भेट. जागतिक आरोग्य संघटनेने बसवलेली पाच भेटींची एक पद्धत आहे. डॉक्टर नसलेल्या माणसालाही शिकून ती चालवता येते. पहिल्या भेटीत संथ श्वासाचा सराव. पुढे अडचणी वेगळ्या करायच्या: ज्यांचं काही करता येईल त्या, आणि ज्यांचं येणार नाही त्या.

समोरची बाई तिशीची, म्यानमारमधल्या मंगडूकडची. वाचता येत नाही. म्हणून दोघींनी बांबूच्या काड्या घेतल्यात. एक काडी, एक अडचण. छताचा दोर तुटला, ती डावीकडे. मुलगा शिकवणीच्या केंद्रात जात नाही, डावीकडे. नळावर शेजारणीशी भांडण होतं, म्हणून पाणीच कमी आणते. तीही डावीकडे. परत घरी कधी जाणार? ही उजवीकडे.

मग नवऱ्याची काडी. २०१७ मध्ये पळताना तो मागे राहिला. मेला असं कोणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही नाही. बाई काडी हातात धरून बसते. छतावर पाऊस वाजतोय, मोठ्याने बोलावं लागतं. ही घाई करत नाही. येईल असं म्हणत नाही. विसर असंही म्हणत नाही. मला या कामातलं सगळ्यात कठीण कौशल्य हेच वाटतं: खोटा दिलासा तोंडाशी येतो, तो गिळायचा आणि तरी उठून जायचं नाही. बाई शेवटी काडी मधोमध ठेवते.

“राहू दे तिथे,” ही म्हणते. “आज नळाचं बघू.”

नळाचं ठरतं. उद्या जावेला सोबत घ्यायची, गर्दीच्या आधी जायचं, एकच कळशी. एवढंच. पुढच्या भेटीत विचारणार.

१२.३०
दोन घरं भराभर होतात. एक दार बंद.

दुसऱ्या घरी ती विचारते, झोप लागते का? उत्तर तांदळाचं मिळतं. धान्याच्या कार्डावर माणशी महिन्याला १२ डॉलर येत. मार्चमध्ये १० झाले, जूनमध्ये ८. म्हणजे ८४० टका, दिवसाला २८. म्हातारा हिशेब बोटांवर करून दाखवतो. सून रात्री जेवत नाही, पोट दुखतं म्हणते. वहीत झोपेचा रकाना आहे, भुकेचा आहे. ती दोन्ही भरते, आणि समासात ‘रेशन’ लिहिते.

२.१५
केंद्रात परत. भात थंड झालाय, तसाच खाते. आपा वही बघते. मग वही मिटून विचारते, “आणि तू?” हा प्रश्न कामाचाच भाग आहे. ऐकणारीनेही सीमेवरची तीच नदी, तीच वाट पार केलेली असते. ती मधल्या काडीबद्दल सांगते. तिचाही एक भाऊ मागे राहिलाय. दहा मिनिटं. दोघी मिळून श्वास.

३.००
सही. सहा तास पंधरा मिनिटं, लिहिले सहा.

४.००
संस्थांच्या गाड्या छावणीबाहेर पडतात. आपाही जाते. रात्री इथे डॉक्टर शोधायचा तर झोपडीबाहेर पडावं लागतं, आणि अंधारात बाहेर पडायला बायका धजत नाहीत. टोळ्यांची भीती आहे.

रात्री ९.३०
शेजारीण येते. छातीत धडधडतंय, आत बसवत नाही म्हणते. ती सौर दिवा लावते, पाणी देते, चटईवर जागा करते. तोच संथ श्वास, तेच शांत बसणं. साडेअकराला शेजारीण उठते. ती तिला दारापर्यंत सोडते.

हे दोन तास हजेरीत धरले जात नाहीत.