घरी येणारी ‘सिस्टर’ खरंच सिस्टर आहे का?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. थोडी बडबड कापलीय, बाकी सगळं तेच.

आजचा विषय आहे घरी येऊन आजी-आजोबांची देखभाल करणारी माणसं. आपल्या नाशिकमध्ये गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, कुठंही बघा. घरात दोन वयस्कर माणसं आणि मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. आजोबा पडतात, खुब्याचं ऑपरेशन होतं, डिस्चार्जच्या दिवशी कोणीतरी ब्युरोचा नंबर देतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक अनोळखी व्यक्ती. तिच्या हाती आपण औषधं देतो, घराच्या किल्ल्या देतो आणि स्वतःहून कूस बदलू न शकणारं माणूसही देतो.

मग तिची पात्रता कोण तपासतं? ती नर्स असेल तर उत्तर सोपं आहे. एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते आणि नोंदणी क्रमांक मिळतो. पण घरी येणाऱ्या बहुतेक मावशी किंवा मामा हे अटेंडंट असतात. त्यांच्यासाठी अशी सक्तीची नोंदणी नाही. डिसेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक लोकसभेत आलं होतं. घरपोच देखभाल करणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा, हे त्यात होतं. ते मंजूर झालंच नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. म्हणजे ही तपासणी आजही तुमच्या-माझ्याच गळ्यात आहे.

म्हणून पहिला प्रश्न पैशांचा नको, कामाचा हवा. नक्की काय काय करायचंय? अंघोळ, भरवणं, डायपर, चालताना आधार, हे चांगला अटेंडंट करू शकतो. इंजेक्शन, नाकातल्या नळीचं फीडिंग, कॅथेटर, जखमेचं ड्रेसिंग, हे नर्सचं काम. आमच्या घरी एका ब्युरोनं ‘सिस्टर पाठवतो’ म्हणून सांगितलं. आलेल्या मावशी पहिल्याच सकाळी आईला म्हणाल्या, “ताई, मी नर्स नाही. इन्शुलिन मला देता येणार नाही.” त्यांनी सांगितलं म्हणून बरं. न सांगणारं कोणी आलं असतं तर? तेव्हापासून ‘सिस्टर’ शब्द ऐकला की मी आधी नोंदणी क्रमांक मागते.

दुसरी गोष्ट, पोलीस पडताळणी. ती जरूर करा. पण त्यातून पोलिसांच्या नोंदीतले गुन्हे कळतात, अंगातलं कौशल्य नाही. ते बघायचं तर पहिले दोन दिवस घरातलं कोणीतरी सोबत थांबा. पलंगावरून खुर्चीत कसं बसवतात ते बघा. भरवताना ताठ बसवतात का? जेवणानंतर अर्धा तास तरी लगेच आडवं करत नाहीत ना? झोपून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

तिसरी गोष्ट, भिंतीवर एक कागद. औषधाची वेळ, खाणं, पाणी, लघवी, कूस बदलल्याची वेळ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाडावर किंवा टाचेवर लाल डाग दिसला आणि दाबून सोडल्यावरही लालच राहिला, तर बेडसोरची सुरुवात समजा आणि डॉक्टरांना दाखवा. तुम्ही पुण्यात असाल तर रोज रात्री त्या कागदाचा फोटो मागवा.

आता गणित करा. दर दोन तासांनी कूस म्हणजे रात्रीत चार-पाच वेळा उठायचं. ‘चोवीस तास’वाल्या मावशींनीच दिवसभर राबायचं आणि रात्रीही जागायचं, मग त्या झोपणार कधी? थकलेल्या माणसाच्या हातून औषध चुकतं, पेशंट निसटतो. परवडत असेल तर दोन पाळ्या ठेवा. नसेल, तर रात्रीच्या एक-दोन खेपा घरच्यांनी घ्या आणि दुपारी मावशींना ठरलेली झोप द्या. त्यांच्या सुरक्षेचंही बघा. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरात काम करणाऱ्या बाईलाही लागू आहे, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

कॅमेरा लावायचा असेल तर आजी-आजोबांना आणि मावशींना सांगून लावा. बाथरूममध्ये, कपडे बदलतात तिथं, अजिबात नको. आणि कॅमेऱ्यावर सगळं सोडू नका. आजीशी रोज एकटीशी फोनवर बोला. ती अचानक गप्प झाली, दिवसभर गुंगीत दिसली, अंगावर काळेनिळे डाग आले, कोणी जवळ आलं की दचकायला लागली, तर ‘वय झालंय’ म्हणून सोडून देऊ नका. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ मोफत चालते. जिवाला धोका वाटला तर थेट ११२.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. ब्युरोचा नंबर शोधायची वेळ येते तेव्हा हे सगळं आठवायला कोणाला सवड नसते. तुमच्या घरी काय अनुभव आला ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात, काळजी घ्या!